घाटरस्त्यावरील हॉटेले आणि त्यांतील माणूस



इतिहास म्हटला की आपल्या मावळात लोहगड, विसापूर, राजमाची ही नावे तोंडी येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या रस्त्याने आपण आज सभेस आलात त्या रस्त्यालाही इतिहास आहे; आणि त्याच्या कडेला पहाटे भट्टी पेटवून ज्यांनी येणाऱ्याजाणाऱ्यास चहा पाजला, त्यांनाही आहे. तो बखरीत सापडत नाही. चालकांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी हाच विषय घेतला. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. शाळेत फार दिवस बसलो नाही. जे वाचले ते नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. बरेचसे जुन्या वाढप्यांकडून व आचाऱ्यांकडून ऐकले. तेव्हा विद्वानाचे व्याख्यान ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा आपण ठेवू नये. माझे म्हणणे थोडक्यात असे, की रस्त्याकाठचे हॉटेल ज्या माणसाच्या पायांवर उभे राहिले त्याचे नाव कोणत्याही कागदावर नव्हते, आणि त्याची किंमत त्याला फार उशिरा, एकदम, चुकवावी लागली.

आरंभ थोडा दुरून करतो. मोटारीतून न उतरता बसल्या जागी खावयास मिळावे ही कल्पना अमेरिकेतली असे मानतात. टेक्सास संस्थानात डल्लास व फोर्ट वर्थ या शहरांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर १९२१ साली 'पिग स्टँड' नावाचे खाद्यगृह निघाले. मोटार त्यापुढे येऊन उभी राहावयाची. गिऱ्हाइकाने जागचे हलावयाचे नाही. पोऱ्याने धावत जाऊन काय हवे ते विचारावयाचे आणि खाद्य मोटारीपाशी आणून द्यावयाचे. चालत्या मोटारीच्या पायरीवर ही पोरे उडी मारून चढत, म्हणून त्यांना 'कारहॉप' हे नाव पडले. अशा खाद्यगृहांस 'ड्राइव्ह-इन' म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचे अमेरिकेत पेवच फुटले. आपल्या देशातील प्रसिद्ध उदाहरण मद्रासचे. तेथे कॅथीड्रल रस्त्यावर १९६२ साली 'वुडलँड्स ड्राइव्ह-इन' सुरू झाले आणि ते २००८ पर्यंत चालले. ते काढणारे के. कृष्णराव हे उडुपीकडचे. लहानपणी हॉटेलात हलकीसलकी कामे करून वर आलेले गृहस्थ. झाडांच्या सावलीत मोटारी उभ्या आहेत आणि वेटर इडली-डोसा घेऊन त्यांच्या खिडक्यांशी जात आहेत, हे दृश्य मद्रासच्या दोनतीन पिढ्यांनी पाहिले.

आपल्या घाटरस्त्याला मात्र ही विद्या अमेरिकेकडून शिकावी लागली नाही. मोटार थांबली की किटली आणि कपबश्या घेऊन पोऱ्या खिडकीशी धावे. एस. टी.च्या गाडीतील म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया खाली उतरत नसत. त्यांना वडे, भजी, चिक्की खिडकीतूनच मिळे. उन्हाळ्यात ठाकर-कातकरी बाया करवंदे, जांभळे पानांच्या द्रोणांतून घेऊन येत. पाटी नव्हती, इंग्रजी नाव नव्हते. पण प्रकार तोच. बसणाऱ्याने बसावयाचे आणि दुसऱ्याने धावावयाचे.

हा धंदा नेमका येथेच का वाढला? त्याचे कारण घाट. बोरघाटातून गाडीरस्ता सर जॉन माल्कम हा मुंबईचा गव्हर्नर असताना १८३० साली खुला झाला. त्यापूर्वी माल बैलांच्या पाठीवरून जाई. पुढे रेल्वे आली. खंडाळा ते पुणे ही वाट १८५८ साली सुरू झाली, पण घाटातील चढ पुरा होण्यास १८६३ साल उजाडले. १८६१ साली या एका घाटात सुमारे ४२,००० माणसे राबत होती. रोगराईने, सुरुंगाने, कड्यावरून पडून किती मेली त्यांची नावनिशी राहिली नाही. माझ्यासारख्याच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १८५९ च्या जानेवारीत घाटातील मजुरांनी थकलेल्या मजुरीवरून दंगा केला, आणि त्यापायी गोऱ्या कंत्राटदारास कंत्राट सोडावे लागले. पुढच्याच वर्षी, १८६० साली, सरकारने मालक व मजूर यांच्यातील तंट्यांविषयी कायदा केला. मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटपुढे झटपट निकालात निघावा ही त्यातली चांगली बाजू. काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा व्हावी ही वाईट. म्हणजे या घाटात थकलेल्या मजुरीचा प्रश्न काल निघालेला नाही. लोणावळ्याची चिक्कीसुद्धा रेल्वेच्या कामावरील माणसे खात त्या गुडदाणीपासून निघाली असे सांगतात. खरेखोटे मी ठरवीत नाही. पण या गावचा गोड पदार्थही लोकांनी मजुराच्या शिदोरीशी जोडला, हे मला बरे वाटते.

मोटारींचा काळ आला तेव्हा घाटाचा उपयोग निराळ्या तऱ्हेने झाला. त्या वेळची इंजिने चढावर तापत. खोपोलीहून वर चढलेल्या गाडीचे बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतल्यावाचून पुढे जाता येत नसे. वाटेत शिंगरोबाच्या देवळापुढे नाणे टाकावयाचे, कारण या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखविली अशी कथा आहे. आणि माथ्यावर आले की गाडीला पाणी, माणसाला चहा. उतरणारी गाडी घाटात शिरण्यापूर्वी ब्रेक पाहण्यासाठी थांबे. म्हणून पायथ्याशी खोपोली आणि माथ्यावर खंडाळा-लोणावळा ही थांबण्याची ठिकाणे झाली. जेथे इंजिन थांबले तेथे भट्टी पेटली.

त्यात १९४८ साल महत्त्वाचे. त्या वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी.ची पहिली गाडी धावली, आणि थोड्याच वर्षांत एस. टी. गावोगाव पोहोचली. पिंपरीस १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. त्यापाठोपाठ पिंपरी-चिंचवडची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि मुंबईचा माल पुण्याकडे व पुण्याचा मुंबईकडे ट्रकने रात्रंदिवस जाऊ लागला. वडगाव, कामशेत, कार्ले फाटा, वाकसई, सगळीकडे रस्त्याकडेला पत्र्याच्या नाहीतर कौलांच्या छपराखाली बाकडी पडली.

आता हे हॉटेल चाले कसे, ते पाहू. मालक म्हणजे कोणी भांडवलदार होता असे समजू नये. मी कामगारांचा माणूस असलो तरी हे सांगितले पाहिजे. पुष्कळदा तो स्वतःच पहाटे भट्टीत कोळसे घाली. घरची बाई आतल्या बाजूला बटाटे सोली, पोळ्या लाटी, पीठ भिजवी. तिचा पगार कोणत्याच हिशेबात नसे, म्हणून वडा स्वस्त पडे. युद्धाच्या काळात आणि त्यानंतरही काही वर्षे साखर व धान्य यांवर नियंत्रण होते. साखरेचा कोटा संपला की गुळाचा चहा. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे मुंबई राज्यातील हॉटेलाला चहा आणि खाणे यांवरच गुजारा करणे भाग होते. पावसाळ्यात तर आपल्याकडे ढग घरात शिरतात. धुक्यात गाड्या कमी, कोळसा ओला, आणि आवणीच्या दिवसांत गावाकडचे नोकर भातखाचरांत गेलेले. चार महिने असे काढावयाचे आणि मे महिना व दिवाळी या दोन हंगामांवर वर्ष ओढावयाचे.

एस. टी. थांबविण्याची एक युक्ती सर्वांस ठाऊक होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर यांचे खाणे फुकट. गाडी कोणत्या हॉटेलापुढे उभी राहील हे त्या एका ताटावर ठरे, आणि त्या ताटाची किंमत गाडीतील चाळीस प्रवाशांच्या चहात थोडी थोडी मिसळलेली असे. ड्रायव्हरला बोल लावण्याचे मात्र कारण नाही. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ साली झाला. पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती त्यात आली. कायद्याने अर्धा तास दिला, पण तो कोठे बसून घालवावयाचा ते सांगितले नाही. ती जागा रस्त्याकाठच्या हॉटेलाने दिली, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

गल्ल्यावरच्या हिशेबाची एक गंमत सांगतो. १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे कोठून आणावयाचे? सरकारी कोष्टकाप्रमाणे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे ठरले. एक आण्याचे शंभर कप विकणाऱ्याच्या गल्ल्यात पूर्वी सव्वासहा रुपये येत. आता सहाच येणार. चार आणे बुडाले. मग काय करावयाचे? भाव सात करावा तर गिऱ्हाईक कुरकुर करते, सहा ठेवावा तर तोटा. यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे कपात दूध कमी. आणि मोड देताना घोळ झाला की तो पोऱ्याच्या नावावर. पैसे गल्ल्यावर, माल पोऱ्याच्या हाती. कोणाकडून किती घ्यावयाचे ते त्याने आतून ओरडून सांगावयाचे. आकडा चुकला किंवा गाडी पैसे न देता सुटली, तर भरपाई त्याने करावयाची. बशी फुटली तरी त्यानेच. मी स्वतः लहानपणी या रस्त्यावरील एका हॉटेलात दोन उन्हाळे कपबश्या विसळल्या आहेत. तेव्हाही बशीचा हिशेब असाच होता.

हा पोऱ्या कोण? मावळातला, कोकणातला, देशावरचा, पुढे पुढे कानडी मुलखातला मुलगा. ओळखीच्या माणसाने आणून सोडलेला. त्याला दोन वेळचे जेवण, चहा, रात्री दुकान आवरल्यावर त्याच बाकड्यांवर अंथरूण आणि महिन्याकाठी काहीतरी रक्कम. तीही बहुधा गावी बापाकडे परस्पर जाई. हाती राहावयाची ती गिऱ्हाइकाची बक्षिसी. पहाटेच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या ट्रकपर्यंत तो जागा. थोडा मोठा झाला की फडके सोडून वाढपी, नशीब असेल तर आचारी. याला 'घरच्यासारखा' म्हणत. हा शब्द मी फार ऐकला आहे. घरच्या माणसाला पगारपत्रक लागत नाही, सुटी लागत नाही, म्हाताऱ्या वयाची तरतूदही लागत नाही. पण हंगाम सरला की घरच्या माणसाला कोणी 'आता चार महिने येऊ नको' असे सांगत नाही, आणि याला तर सांगत.

कायदा नव्हता असे मात्र नाही. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम १९४८ सालचा. हॉटेल कामगाराचे काम दिवसाला नऊ तास, आठवड्याला एक दिवस सुटी, सलग पाच तासांनंतर विश्रांती हे त्यात लिहिलेले होते. तरी एक खोच अशी, की नऊ तासांचे काम चौदा तासांच्या अवधीत पसरून घेण्याची मुभा हॉटेलाला होती. म्हणजे सकाळी सहाला आलेला माणूस रात्री आठपर्यंत अडकलेला. मधले पाच तास त्याचे म्हणावयाचे, पण जाणार कोठे? दुसरी खोच याहून मोठी. हा कायदा सरसकट सर्वत्र लागू नव्हता. परिशिष्टातील शहरांना तो प्रथम लागला. इतरत्र सरकार अधिसूचना काढील तेव्हा. नगरपालिकेच्या हद्दीतील चहावाल्याकडे निरीक्षक जाऊ शके. हद्दीबाहेरच्या फाट्यावरील चहावाल्याकडे त्याचे पाय क्वचितच वळत. किमान वेतनाचा कायदाही १९४८ चाच. वेतन रोखीत द्यावे असे तो म्हणे; पण ज्याचे निम्मे वेतन ताटात आणि बाकड्यावर असे त्याने रोख किती मागावयाची?

सुटीचेच पाहा. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० साली रविवारची सुटी मिळविली. त्या सुटीचे मोल कोण नाकारील? पुढे त्याच रविवारी मुंबई-पुण्याची माणसे मोटारीने, रेल्वेने लोणावळ्यास येऊ लागली. एकाच्या सुटीचा दिवस तो दुसऱ्याच्या सर्वांत जड कामाचा दिवस झाला. याचे उत्तर रविवार बंद करणे हे नव्हे. पाळीपाळीने मंगळवार-बुधवार सुटी द्यावी, एवढेच. कायदाही तेवढेच सांगत होता. पण पाळी लावण्यास नावांची यादी लागते, आणि घोडे तेथेच अडे.

हजेरीपत्रक ही वरवर क्षुद्र वाटणारी वस्तू. रेघा मारलेला एक कागद. पण कामगाराच्या आयुष्यात त्याचे काय महत्त्व आहे हे येथील लोकांना कळले ते द्रुतगती मार्ग झाला तेव्हा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा काही भाग २००० साली व संपूर्ण मार्ग २००२ साली खुला झाला. रस्ता चांगला झाला, वेळ वाचला. मीही त्याच रस्त्याने जातो. पण गाड्या जुना रस्ता सोडून तिकडे वळल्या, आणि वडगाव ते खोपोली या पट्ट्यातील कित्येक हॉटेलांपुढची वर्दळ ओसरली. इंजिनेही आता घाटात तापत नाहीत. ज्यांची नावे मोठी होती ती टिकली. काहींनी नव्या मार्गावरच्या फूड मॉलमध्ये गाळे घेतले. लहान हॉटेले एकेक करून मिटली. मालकाजवळ निदान जागा होती. जमिनीला भाव आले होते. त्याने विकली किंवा बंगलेवाल्याला भाड्याने दिली. पंचवीस-तीस वर्षे तेथे राबलेला आचारी आमच्या कचेरीत येई. आम्ही विचारावयाचे, पगाराची चिठ्ठी आहे? नाही. हजेरीपत्रकावर नाव? नाही. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक? तो शब्दच नवीन. सेवेची वर्षे सिद्ध झाल्यावाचून उपदान मिळत नाही. तो म्हणे, 'साहेब, सगळ्या रस्त्याला मी माहीत आहे.' ते खरेच असे. पण रस्ता साक्षीला येत नाही. मालकही पुष्कळदा रडकुंडीला आलेला असे आणि खिशातले दोनपाच हजार काढून देई. त्याच्या चांगुलपणाविषयी मला शंका नाही. हक्काची रक्कम मात्र ती नव्हती.

अमेरिकेतही असेच काहीसे घडले होते. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनो येथे मॅक्डोनाल्ड बंधूंचे ड्राइव्ह-इन उत्तम चालले होते. १९४८ साली त्यांनी ते काही काळ बंद ठेवले, कारहॉपना काढून टाकले आणि पुन्हा उघडले ते गिऱ्हाइकाने स्वतः खिडकीशी येऊन खाद्य घ्यावे या पद्धतीने. पुढे जगभर पसरलेल्या त्या धंद्याचा पाया असा घातला गेला. आपल्याकडे ज्या साली कायद्याने हॉटेल कामगाराची दखल घेतली, त्याच साली तिकडे धावणारा पोऱ्या नकोसा झाला. त्यांपैकी पुष्कळांची मिळकत मुख्यतः बक्षिसीवर असे. तेव्हा धंद्याची पद्धत बदलली किंवा रस्ता बदलला, की सर्वांत आधी तोच पडतो ज्याचे उत्पन्न गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आणि मालकाच्या शब्दावर असते. देश कोणताही असो.

आजची स्थिती काय? काही गोष्टी सुधारल्या. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, ढाबे, चहाची दुकाने यांत चौदा वर्षांखालील मुलांस कामास ठेवण्याची बंदी झाली. ज्या वयात मी बश्या विसळीत होतो त्या वयाची मुले आता दर्शनी भागात दिसत नाहीत, हे चांगले झाले. आतल्या मोरीपाशी अधूनमधून दिसतात, हेही येथेच सांगितले पाहिजे. १९४८ च्या कायद्याच्या जागी २०१७ साली महाराष्ट्रात नवा कायदा आला. दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना त्याने बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. त्यांनी फक्त सूचना द्यावयाची. रस्त्याकाठच्या किती हॉटेलांत दहा माणसे असतात, ते आपण येताजाता पाहतच असाल. आणि मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ज्यांचे अंथरूण हॉटेलातच होते त्यांची भट्टी विझताच नोकरी, जेवण आणि निवारा ही तिन्ही एका दिवसात गेली. बोजे डोक्यावर घेऊन ती माणसे याच रस्त्याने चालत गेली.

या सभेत हॉटेलवाले बसले आहेत, त्यांचे कामगार थोडे असतील कारण ही गिऱ्हाइकाची वेळ आहे, आणि बाकीचे आपण सारे गिऱ्हाईक आहोत. हॉटेलवाल्यांना माझी विनंती एकच आहे. कायदा लागू असो वा नसो, तीन माणसे असोत वा तेरा, एक वही घाला. तीत नाव, गाव, कामास लागल्याची तारीख आणि दिलेला पगार लिहा, आणि महिन्याच्या शेवटी त्याची सही घेऊन एक प्रत त्याच्या हाती द्या. वहीला फार खर्च येत नाही, आणि प्रामाणिक मालकालाही उद्या तीच उपयोगी पडेल. गिऱ्हाइकांना सांगणे असे, की बक्षिसी जरूर द्यावी, पण पोऱ्याचे वय आणि सुटीचा वारही विचारावा. दहाजणांनी विचारले की अकराव्या वेळी मालक स्वतःलाच विचारतो. आणि येथील वाचनालयाने जुन्या रस्त्यावरील आचाऱ्यांच्या, वाढप्यांच्या, त्यांच्या घरच्या बायांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम हाती घ्यावे. ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. रेल्वेच्या घाटात राबलेल्या बेचाळीस हजारांची नावे आपल्याजवळ नाहीत. यांची तरी राहावीत.